बाकी ऱ्हाऊ दे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या चाळीत पुनर्विकासाच्या संमतीपत्रांवर सह्या घ्यायचं काम झालं. मंडळाच्या खोलीत कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता, मधोमध टेबल, टेबलावर कागदांची चळत, दोन निळी पेनं आणि कडेला शाईचं पॅड. तळमजल्यावरच्या मावशी आल्या. त्यांचं वय बघून असेल, टेबलामागच्या मुलानं काही न बोलता ते पॅड त्यांच्यापुढं सरकवलं. मावशींनी ते तसंच न बोलता मागं सारलं, पदर खोचला, पेन मागून घेतलं आणि सही केली. नुसती सही कसली, स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सुटं सुटं आणि ठळक. आधी अक्षरं काढली, मग वरून एक सलग रेघ ओढली. रेघ जरा कापरी होती, पण मधे कुठे तुटली नाही. प्रत्येक पानावर सही हवी होती, मावशींनी प्रत्येक पानावर तितक्याच सावकाश केली. मागे रांग खोळंबली, पण कुणी हूं की चूं केलं नाही. मग जिन्यापाशी त्यांनी मला गाठलं, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय लिवलंय गं त्यात?"

आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसलो. मी वाचून दाखवलं, जमेल तसं सोपं करून सांगितलं. कागदातली काही कलमं मलाही दोनदा वाचावी लागली. मावशींनी मधे मधे नेमके प्रश्न विचारले. भाडं किती महिन्यांचं आगाऊ देणार, पोटमाळ्याचं काय, मुलाचं नाव लावायचं राहिलंय ते कुठं लावायचं. डोकं लख्ख चालतंय. घरी आले तरी मन थाऱ्यावर येईना. याचं एक कारण असं की ही सही त्यांना माझ्या आईनं शिकवली होती.

माझी आई व्हर्नाक्युलर फायनल झालेली. त्या शिक्षणावर ती शाळेत मास्तरीण होऊ शकली असती, पण लग्न होऊन लालबागेत आली आणि राहून गेलं. पुढे कुणीतरी समितीचं नाव सांगितलं आणि ती दुपारचा बायकांचा वर्ग घ्यायला लागली. आमच्याकडे नुसतं 'समितीचा वर्ग' एवढंच म्हणत. मुंबई शहर समाज शिक्षण समिती हे पूर्ण नाव मी फक्त हजेरीपटावर बघितलेलं. वर्ग आमच्याच मजल्यावरच्या सामायिक गॅलरीत भरायचा. दुपारची भांडी घासून झाली की बायका पाटी घेऊन येत. पाट्या बहुतेक घरातल्या पोरांच्याच, त्यामुळे पोरं शाळेतून यायच्या आत त्या पुसून परत कोनाड्यात जायला हव्यात अशी घाई असे. ओल्या फडक्याचा वास, कुणाच्या तरी अंगाला येणारा तव्याचा वास, आणि आई म्हणायची तो 'म' सगळ्यांच्या तोंडून एकदम. चाळीतल्या पुरुषांना हा आवाज ऐकू येतो याची त्यांना आधी लाज वाटायची. काही दिवसांनी ती गेली. मग मुद्दाम मोठ्यानं म्हणायला लागल्या.

या समितीबद्दल फार कमी लिहिलं गेलंय याची मला खंत वाटते. गिरणगावाबद्दल बोलताना आपण संप, मोर्चे, शाहिरी, दशावतार, खाणावळी सगळं काढतो, आणि संध्याकाळी पाटी घेऊन बसलेला चाळीस वर्षांचा माणूस त्यातून सुटून जातो. तो काही समितीपासूनच बसायला लागला असं नाही. १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईत १९११ साली नारायण मल्हार जोशींनी सोशल सर्व्हिस लीग सुरू केली आणि कामगारवस्तीत रात्रशाळा नि वाचनालयं चालवली. पण सरकारनं हे आपलं काम मानलं ते १९३७ला, प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आल्यावर. १९३९ साली मुंबईत साक्षरतेची मोठी मोहीम झाली आणि त्यातून ही समिती उभी राहिली. तेव्हा तिच्या नावात 'प्रौढ शिक्षण' होतं, स्वातंत्र्यानंतर 'समाज शिक्षण' आलं. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं, हिंदुस्थानाला न विचारता त्याला युद्धात ओढलं म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, खेरांचं सरकार वर्ष सरायच्या आत गेलं. समिती मात्र टिकली. ज्या मंत्र्यांच्या उत्साहातून ती जन्मली ते तुरुंगात, बाहेर युद्धाची महागाई आणि दिवेबंदी, आणि तरी वर्ग चालू. मोहिमा येतात आणि ओसरतात, हे आपण पुढं अनेकदा बघितलं. न ओसरणारं काहीतरी तेव्हा कुणीतरी उभं केलं होतं.

ते कशामुळे टिकलं असेल याचा मी आईच्या वर्गावरून अंदाज करते. वर्ग माणसाच्या वेळेला बांधलेला होता. गिरणीत तीन पाळ्या. पहिल्या पाळीवाला संध्याकाळी मोकळा, दुसऱ्या पाळीवाला सकाळी मोकळा, रात्रपाळीवाला दिवसा झोपून उठला की कधीतरी. पाळी बदलली की वर्गातला माणूस गायब. शेजारच्या चाळीत पुरुषांचा वर्ग घेणारे एक गुरुजी होते, ते स्वतः गिरणीत कारकून. ते सकाळी काही जणांना आणि संध्याकाळी काही जणांना तोच धडा शिकवत. भोंगा झाला की कुणाची पाळी सुटली हे त्यांना पाठ. गौरी-गणपतीला अर्धा वर्ग कोकणात जायचा, शिमग्याला परत एकदा, आणि मे महिन्यात घाटावरचे. परत आल्यावर निम्मं विसरलेलं असे. आईच्या हजेरीपटात शेवटी शेऱ्याचा रकाना होता. त्यात 'गावी', 'बाळंतपण', 'सासू आजारी', 'खाणावळ' असे शब्द तिच्या वळणदार अक्षरात भरलेले. मानधन अगदी थोडं, तेही उशिरा. पण शेऱ्याचा रकाना तिनं कधी रिकामा सोडला नाही. बाई का आली नाही हे कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

आणि भाषा. या शहरात एकाच चाळीत कानडी, तेलुगू, गुजराती, उर्दू, हिंदी, मराठी बोलणारे. प्रत्येकाला आपापल्या बोलण्यातली अक्षरं हवीत. समितीचं काम अनेक भाषांतून चालायचं ते त्यामुळे. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या मला भेंडीबाजार-नागपाड्याकडची ही दुसरी बाजू पुष्कळ उशिरा कळली, ती कुलसुम सयानींबद्दल वाचताना. बुरख्यातल्या बायका वर्गाला येणार नाहीत, तेव्हा वर्गानं त्यांच्या घरी जायला हवं, असं ठरवून कुलसुमबाई घरोघरी हिंडल्या. आज आपल्याला हे सोपं वाटतं. उंबऱ्यात उभं राहून आधी सासूला, मग नवऱ्याला पटवायचं आणि तेवढं झाल्यावर मग 'अलिफ'ला सुरुवात करायची, हे काम काय असेल ते माझ्या आईला विचारायला हवं होतं. समितीच्या कामात त्या मनानं आणि हुद्द्यानंही होत्या. १९४० साली त्यांनी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढलं आणि वीस वर्षं चालवलं. नुकतंच वाचायला शिकलेल्यांसाठी होतं ते. भाषा एकच, साधी हिंदुस्तानी, गांधीजींना हवी होती तशी. लिप्या तीन, नागरी, उर्दू आणि गुजराती. एकच मजकूर तीन लिप्यांत, म्हणजे शेजारणींनी आपापला अंक उघडला तर वाचून दाखवताना तेच शब्द ऐकू यावेत. त्या काळात, त्या मुंबईत, फाळणीच्या आधी आणि नंतरही, हे चालू ठेवणं म्हणजे काय होतं याचा विचार करताना माझे हात जोडले जातात. १९६०मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या पाक्षिकाच्या कामात त्यांचा लहान मुलगा मदत करायचा. तोच पुढं रेडिओवरचा अमीन सयानी. 'बिनाका गीतमाला' बुधवारी लागली की आमच्या चाळीत एका रेडिओभोवती किती खोल्यांतली माणसं गोळा व्हायची ते चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको. सगळ्यांना कळणारं, कुणालाच परकं न वाटणारं ते बोलणं. त्याचं शिक्षण आईच्या 'रहबर'मध्ये झालं, हे ते स्वतः सांगत. मी हे वाचलं त्या दिवशी खरंच आनंद झाला. नवसाक्षरांसाठी लिहिलेली भाषा अख्ख्या देशाच्या कानाला गोड लागली. सोपं लिहिणं हे खालच्या पायरीचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना हे सांगावंसं वाटतं.

आता गावाकडं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. मे महिन्यात आम्ही जायचो तेव्हा विहिरींचे तळ दिसत असायचे. घराघरातला एक तरी पुरुष मुंबईला गिरणीत, आणि घरं चालायची ती मनिऑर्डरवर. मुंबईची पोरगी आलीय, अक्षर बरं आहे, हे कळलं की दुपारी बायका पोस्टकार्ड घेऊन यायच्या. मी ओसरीवर पालथी पडून लिहायचे. सुरुवात ठरलेली. शिरसाष्टांग नमस्कार वि. वि., पत्र लिहिण्यास कारण की, इकडील सर्व ठीक आहे, आपली खुशाली कळवणे. मग पाऊस, म्हैस, दिराचं भांडण, पोराची शाळा, पैसे पोचले, पैसे अजून पोचले नाहीत. एक चुलती होती, नात्यानं लांबची. तिचा नवरा परळला एका गिरणीत, वर्षातून एकदा यायचा. तिनं सगळं सांगून संपवलं, मी 'कळावे' लिहायच्या बेतात होते, तेव्हा ती म्हणाली, "थांब." मी थांबले. ती बराच वेळ अंगणाकडं बघत राहिली. बांगड्या मागंपुढं केल्या. आत सासू चुलीपाशी होती, मी दहा-अकरा वर्षांची पोर पेन उघडून बसलेली, आणि कार्ड तर पोस्टमनपासून मुंबईच्या खोलीतल्या सगळ्या गाववाल्यांपर्यंत कुणीही वाचणार. मग ती म्हणाली, "बाकी ऱ्हाऊ दे."

मी 'कळावे' लिहून टाकलं.

सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती आणि दोन-तीन वर्षांत ती राज्यभर गेली. १४ ते ५० वयाच्या सगळ्यांना गावानंच साक्षर करायचं, शिकवायला प्राथमिक शिक्षक आणि गावातली शिकलेली पोरं. देवळापुढं गावानं शपथ घेतली होती असं घरात सांगत. पूर्ण गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, तोरणं लागायची, बायका ओळीनं येऊन फळ्यावर नाव लिहून दाखवायच्या. मी हे बघितलेलं नाही, पण आजीच्या तोंडून ऐकलंय. सांगताना तिचा हात हवेत फळ्यावर असल्यासारखा फिरायचा. माझ्या आठवणीतलं गाव त्याच्या दहा-बारा वर्षांनंतरचं. पुष्कळ बायकांची अक्षरं तोवर गेली होती. कशी राहणार? शिकल्यावर त्यांच्या हातात वाचायला आलं काय? गावात वर्तमानपत्र एक, तेही चावडीवर. फिरतं वाचनालय यायचं ते पुरुषांच्या पारावर. देवघरातली पोथी वाचायला बसायचा मान सासूचा, किंवा भटजींचा. उत्साहात मिळालेलं अक्षर उन्हाळ्यातल्या विहिरीसारखं तळाला गेलं. ही मोहीम खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या गावांनी स्वतःच्या पदरचं रॉकेल जाळून रात्री वर्ग घेतले त्यांचा अपमान करायची माझी छाती नाही. पण समारंभ झाला त्या दिवशी काम संपलं असं धरलं गेलं, आणि खरं तर ते तिथून सुरू व्हायचं होतं.

ती चुलती मात्र शिकली. मोहिमेत नाही, नंतर, आपल्याच मुलीकडून, ती तिसरी-चौथीत असताना. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा ती माझ्याकडं लिहून घ्यायला आली नाही. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. पोस्टमन आला तेव्हा तिनं त्याच्याकडून कार्ड घेतलं नाही, आंतरदेशीय पत्र घेतलं, निळं, घडी घालून चिकटवायचं. त्या गावात नुसत्या खुशालीसाठी कार्ड सोडून आंतरदेशीय घेणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. तिनं ते माडीवर बसून दोन दुपारी लिहिलं. काय लिहिलं ते कुणालाच कळलं नाही, आणि तेच तिला हवं होतं. शिक्षणाचे फायदे म्हणून पुस्तकांत जे सांगतात, आरोग्य, उत्पन्न, कुटुंब नियोजन, ते सगळं असेलच. मला मात्र साक्षरता म्हटलं की ती चिकटवलेली घडी दिसते. आपल्या नवऱ्याशी तिसऱ्या माणसाशिवाय बोलायला मिळणं ही गोष्ट कुठल्याच अहवालात मोजलेली मी वाचली नाही.

समितीनं पुढं एक मोठी गोष्ट केली. १९६७ साली वरळीला श्रमिक विद्यापीठ निघालं, देशातलं पहिलं, युनेस्कोच्या मदतीनं, आणि ते चालवायला समितीकडेच दिलं. कल्पना अशी की कामगार हा फक्त निरक्षर नसतो. तो विणकर असतो, फिटर असतो, भाडेकरू असतो, बाप असतो, मतदार असतो. त्याला जे शिकायचंय ते यातल्या कुठल्यातरी गरजेपासून सुरू होतं. म्हणून धंद्यातलं कौशल्य, त्याला लागणारं वाचन, गणित, यंत्राची माहिती, आरोग्य, कायदा, हे सगळं एकाच वर्गात, त्याच्या कामाला धरून शिकवायचं. आमच्या चाळीतल्या मुली पुढं तिथे शिवण शिकायला जात. मापं लिहून घ्यायची, कापडाचा हिशेब करायचा, गिऱ्हाइकाला पावती द्यायची, हे शिवणाबरोबरच यायचं. त्यांच्यातल्या एकीच्या आईनं मुलीच्या मापाच्या वहीवरून आकडे वाचायला शिकून घेतले. बेस्टच्या बसवर समोर नंबर देवनागरीत असतो, तो तिला वाचता यायला लागला आणि ती एकटी दादरला जायला लागली. याला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

या विद्यापीठासारखी केंद्रं मग देशभर निघाली, २००० साली त्यांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं, आणि २०१८ला ती शिक्षण खात्याकडून कौशल्य विकासाच्या मंत्रालयाकडं गेली. कागदावर बरोबरही असेल ते. पण मला ते लागलं. अक्षर एका खात्याकडं आणि हातातलं काम दुसऱ्या खात्याकडं, ही वाटणी वरळीच्या त्या विचाराच्या थेट उलट आहे. शिवण शिकणाऱ्या बाईला वाचता येतं की नाही हे एकानं बघायचं, वाचायला शिकणाऱ्या बाईला काम हवंय की नाही हे दुसऱ्यानं. मधे ती बाई उभी.

मधल्या काळात देशानंही जोर लावून बघितला. १९७८च्या २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पंधरा ते पस्तीस वयाच्या दहा कोटी लोकांना शिकवायचं ठरवून. सरकार बदललं आणि तो मंदावला. १९८८ला राष्ट्रीय साक्षरता अभियान आलं, कलापथकं, घोषणा, गावोगावी रात्रीचे वर्ग. त्या दोन्हींच्या मधे, १९८२च्या जानेवारीत, आमच्याकडे संप झाला. त्याबद्दल इथे सांगत नाही, सांगायला बसले तर हा लेख तिकडेच जाईल. फक्त वर्गाचं सांगते. चाळी निम्म्या रिकाम्या झाल्या, माणसं गावी गेली, राहिली त्यांच्यातल्या बायका मिळेल त्या कामाला लागल्या. दुपार नावाची गोष्टच उरली नाही. आईच्या हजेरीपटात 'काम' हा एकच शेरा खाली खाली येत गेला आणि एका पानानंतर पट कोरा आहे.

मावशींच्या नावापुढचा शेरा त्याच्या फार आधीचा, 'खाणावळ'. गिरणीतल्या मुलांना जेवण घालायचं काम त्यांनी घेतलं होतं. दोन पाळ्यांचे डबे, पहाटे चारला पीठ मळायला सुरुवात. वर्गात त्या जोडाक्षरांच्या आत येऊन थांबल्या. सही येत होती, एक ते शंभर येत होतं, उधारीची वही त्या स्वतःच्या खुणांनी ठेवत. आईनं त्यांना घरी येऊन शिकवते म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, बाई, तुम्ही याल तेव्हा मी पोळपाटाशी असेन. आई दोन-तीनदा गेली आणि पोळ्या लाटून देऊन परत आली. यात कुणाचं काय चुकलं हे मला सांगता येत नाही. संमतीपत्रावरची ती सही मला अर्धवट वाटत नाही, केविलवाणी तर मुळीच नाही. शाईचं पॅड मागं सारायला जो ताठपणा लागतो तो त्या गॅलरीत मिळवलेला आहे. पण ज्या कागदावर आपलं घर जाणार आणि येणार तो कागद त्यांना बंद राहिला, हेही तितकंच खरं आहे, आणि माझ्या मनात या दोन्ही गोष्टी भांडत राहतात.

जनगणनेत 'साक्षर' कोण, तर सात वर्षांवरचा, ज्याला कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येतं तो. २०११ला महाराष्ट्र ८२.३४ टक्के होता. 'समजून' हा शब्द त्या व्याख्येत आहे, दारातल्या प्रश्नात तो विचारायला वेळ नसतो. घरातलं कुणीतरी "हो, सही करते" म्हणतं आणि पुढचा रकाना सुरू होतो. आता 'उल्लास' आलंय, नवभारत साक्षरता कार्यक्रम, पंधरा वर्षांच्या पुढं वयाची अटच नाही. हे मला फार आवडलं, कारण १९७८च्या आणि १९८८च्या कार्यक्रमांनी पस्तिशीनंतरच्या माणसाला मनानं सोडूनच दिलं होतं. २०२४च्या १७ मार्चला राज्यात त्याची परीक्षा झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास गुण. नातवाच्या बाकावर बसून पेपर लिहिणाऱ्या आज्यांचे फोटो सगळ्यांनी बघितले, मीही बघितले आणि डोळे भरले. शिकवणारे स्वयंसेवक आहेत, त्यांना मानधन नाही. माझी आई कमी मानधनात राबली याचा मी अभिमान बाळगत आलेय, पण शेऱ्याचा रकाना भरणारं माणूस आयुष्यभर फुकट मिळेल असं गृहीत धरणं योग्य नाही, हेही आता वाटायला लागलंय. वर्गाचा जीव त्या रकान्यात असतो. कोण आलं नाही, का आलं नाही, मग आपण कुठं जायचं.

आमच्या मंडळाच्या खोलीत आता रविवारी दुपारी आम्ही काही जणी बसतो. वर्ग म्हणत नाही. प्रत्येकीनं घरातला एक कागद आणायचा आणि तो सगळ्यांनी मिळून वाचायचा. विजेचं बिल, गोळ्यांची पाकिटं, रेशनच्या दुकानातली चिठ्ठी, नातवाच्या शाळेची सूचना, भाडेपावत्यांची जुनी पुस्तकं. मावशी येतात. जोडाक्षरांशी त्या जिथे थांबल्या होत्या तिथून सुरुवात केली. विजेच्या बिलावरचा 'ग्राहक क्रमांक' आणि 'अंतिम' हे शब्द आता त्या कुठेही दिसले तरी ओळखतात. भाडेपावतीवर घरमालकाच्या नावाखालचं 'हक्क राखून' वाचून त्या चिडल्या, कुणाचा हक्क म्हणून. संमतीपत्राची प्रत आम्ही अजून वाचायला घेतलेली नाही. ती अवघड आहे, तिला वेळ लागेल. पण मावशींनी ती आपल्या ट्रंकेतून काढून पिशवीत घालून ठेवलीय, दर रविवारी आणतात.

आम्हाला अडचण येते ती वाचायला देण्याची. लहान मुलांची पुस्तकं या बायकांना नको असतात. ससा-कासव वाचायचं वय आमचं राहिलं नाही, असं एकीनं स्पष्ट सांगितलं. वर्तमानपत्राचा टाइप बारीक, वाक्यं लांब. पूर्वी नवसाक्षरांसाठी मोठ्या टाइपात पातळ पुस्तिका निघायच्या, जमीन, दूध, बाळंतपण, बँक, एखादी गोष्ट, एखादा पोवाडा. आईकडं त्यांचा गठ्ठा होता, २००५च्या पुरात पाणी भरलं तेव्हा गेला. कुणाच्या माळ्यावर, शाळेच्या कपाटात, बंद पडलेल्या वाचनालयात अशा पुस्तिका पडल्या असतील तर मला हव्या आहेत. फाटक्या चालतील, आम्ही चिकटवून घेऊ. आणि सोपं मराठी लिहिणारं कुणी असेल तर पुनर्विकासाच्या करारातली कलमं साध्या भाषेत उतरवून द्यायला बसावं. पागडी, ताबा, पर्यायी जागेचं भाडं, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून रहिवाशांना मिळणारा निधी, एवढ्यापासून सुरुवात केली तरी पुरे. टाइप मोठा लागेल, निदान अठरा पॉइंटचा.